पलीकडची चौथी

आकडेवारीच्या ऑफिसात ताईच्या टेबलावरच्या आलेखात दोन रेघा होत्या. एक आपल्या देशाची, एक नदीपलीकडच्या देशाची. प्राथमिक शाळा पूर्ण करणारे मुलगे किती, एवढंच त्या दाखवत होत्या. पलीकडची रेघ सावकाश वर चढत होती. आपली मधेच दमल्यासारखी वाकली होती.

"आपली पोरं मधेच का गळतात, ते तिकडच्या आकडेवारी ऑफिसातल्या बाईंशी बसून बघा," साहेब म्हणाले. "आणि जरा लवकर. नाहीतर वरातीमागून घोडं व्हायचं."

पलीकडे जायचं तर मामाचीच होडी. ताईच्या आईचा हा थोरला भाऊ. त्याचं सगळं आयुष्य या काठावरून त्या काठावर माणसं नेण्यात गेलं होतं.

सकाळी नदीवर दाट धुकं होतं. मामानं मोटर बंद करून वल्हं हातात घेतलं. थोड्याच वेळात मागचा काठ दिसेनासा झाला आणि पुढचा अजून आलाच नव्हता. होडी जणू पांढऱ्या कापसातून चालली होती. ताईच्या डोळ्यांवर झापड आली. कुठूनतरी पाढ्यांचे आवाज येत होते. कुठल्या काठावरून, काही कळेना.

"दोन्हीकडच्या शाळा याच वेळेला भरतात," मामा म्हणाला. "धुक्यात आवाज मिसळतात बघ."

"तू कुठल्या शाळेत होतास, मामा?"

"दोन्हीत. तिसरीपर्यंत इकडे. मग तुझ्या आजोबांना तिकडे वीटभट्टीवर काम मिळालं, म्हणून चौथीत तिकडे बसलो. पावसाळ्यात भट्टी बंद पडली, परत आलो. इकडचे मास्तर म्हणाले, तिकडचं शिक्षण आम्ही धरत नाही, पुढच्या वर्षी ये." तो हसला. "पुढच्या वर्षी हातात वल्हं आलं. धड ना इकडचा, धड ना तिकडचा."

ताईला टेबलावरच्या दोन रेघा आठवल्या. मामा कुठल्या रेघेत असेल, हे तिला सांगता आलं नसतं.

पलीकडच्या ऑफिसातल्या बाई गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या होत्या. दोघींनी नदीकाठच्या गावांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. भट्ट्या पेटल्या की इकडचे वर्ग रिकामे होत आणि तिकडचे भरत. पावसाच्या तोंडावर तिकडचेही ओस पडत.

"अगंबाई, ही तर तुमचीच पोरं!" बाई म्हणाल्या. "आमच्याकडे टिकली ती आमची म्हणून मोजली. परत गेली त्यांना विचारतंय कोण?"

दोघींनी मिळून लिहिलं, की आईबापांच्या कामापायी नदी ओलांडणाऱ्या मुलाचा दाखला दोन्हीकडच्या शाळांनी मान्य करावा. लिहिता लिहिता चहा गार झाला.

परतताना ताईनं मामाला सगळं सांगितलं. त्यानं वल्हं पाण्याबाहेर काढून मांडीवर आडवं घेतलं.

"मोठ्या माणसाला चौथीची परीक्षा देता येते का गं?"

"येते की."

"लोक हसतील."

"हसू देत. आपण पण हसू."

मग होडीतच अभ्यास सुरू झाला. भाजीवाली मावशी टोपलीवर हात ठेवून त्याचं शुद्धलेखन तपासायची. उतारू पुस्तक धरायचे, मामा वल्हवता वल्हवता मोठ्यानं वाचायचा. अवघड शब्द आला की वल्हं थांबायचं, होडी प्रवाहाबरोबर खाली सरकायची. कामावर उशीर होत असला तरी कुणी ओरडायचं नाही.

परीक्षा त्यानं पलीकडच्या शाळेत दिली. भाषेत चांगला पास झाला. गणितात मात्र भोपळा.

"भाची आकड्यांवर पोट भरते आणि मामाला भोपळा!" तो कपाळावर हात मारून म्हणाला. "तुझ्या साहेबांना सांगू नकोस हं."

साहेबांनी अहवाल बरेच दिवस अडकवून ठेवला, पण शेवटी पुढे पाठवला. काठावरच्या काही शाळा दाखले मान्य करू लागल्या. बाकीच्यांचं घोडं अजून पेंड खातंय. आपली रेघ किंचित सरळ झाल्यासारखी वाटते, पण ताई तसं छातीठोकपणे म्हणत नाही.

मामानं उन्हाळ्यात गणित पुन्हा दिलं आणि सुटला. निकालाच्या दिवशी होडी सुटायची वेळ टळली, म्हणून ताई त्याला शोधत काठावर गेली. तो झाडाखाली पाण्यात पाय सोडून, डोळे मिटून बसला होता.

"मामा, उतारू खोळंबलेत. काय करतोयस?"

"काही नाही गं," तो डोळे न उघडता म्हणाला. "सुट्टी लागलीय."