ओढत्या पायाचं कौतुक

सेनोबिओची पाठ धरली ती एका जड कपाटापायी. सुतार माणूस, मदतीला हाक मारायचा भारी कंटाळा. एकट्यानेच उचललं आणि कमरेत उसण भरली. मग कमरेतून निघालेली कळ मांडी, पोटरी करत थेट उजव्या अंगठ्यात जायची. शिंकायचीसुद्धा भीती. त्यात कार्निव्हल तोंडावर. खाणकामगारांची देवी असलेल्या सोकावोनच्या माउलीपुढे तीन वर्षं मोरेनादा हा नाच नाचायचा त्याचा नवस होता आणि हे शेवटचं वर्ष. मोरेनादा म्हणजे पिंपासारखा जड पोशाख अंगावर चढवून, पाय ओढत सारं ओरुरो शहर पालथं घालायचं.

हाडवैद्याने तेल चोळलं, बायकोने, नेमेसियाने, गरम विटेने शेकलं. आणि एका सकाळी कळ गेली. चक्क गेली. सेनोबिओने मुद्दाम शिंकून पाहिलं आणि त्याला रडूच फुटलं. नेमेसियाने हाडवैद्याकडे कोंबडी पोचती केली.

त्याच आठवड्यात तालमीत नवल घडलं. पथकाचे म्होरके कासियानो मास्तर कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. त्यांनी बँड थांबवला.

"ठोंब्यांनो, याच्याकडे बघा! नाच कुणाचा, गुलामांचा. पायात बेड्या होत्या त्यांच्या, आणि तुम्ही लग्नाला आल्यासारखे उड्या मारताय. पाय ओढावा तर सेनोबिओने!"

आजवर शेवटच्या रांगेत नाचलेल्या सेनोबिओला त्यांनी पहिल्या रांगेत, मधोमध आणून उभं केलं. गडी घरी आला तो हवेत तरंगतच.

नेमेसियाला मात्र घरात निराळंच दिसत होतं. उजवं पाऊल फरशीवर फटकन आपटायचं.

"घरात तरी नीट चाल की रे. इथे कोण टाळ्या वाजवणार आहे?"

"नीटच चालतोय."

"हो का? मग दारात राहिलीय ती सपात कुणाची?"

सेनोबिओने खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता, आणि त्याला पत्ता नव्हता.

नेमेसियाने त्याला तसाच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला आधी टाचांवर चालायला लावलं, चवडे वर उचलून. डावा चवडा उचलला गेला. उजवा जमिनीला चिकटलेला. त्याने दातओठ खाल्ले, पण पाऊल दाद देईना.

"पण आता दुखत नाही हो," तो म्हणाला.

"तेच वाईट. मणक्यांमधली गादी सरकून शिरेवर बसलीय. शीर ओरडत होती तोवर तिच्यात धुगधुगी होती, आता गप्प पडलीय. या आठवड्यात ऑपरेशन केलं तर पाऊल बहुधा परत येईल. कार्निव्हलनंतर आलात तर मी शब्द देणार नाही. आणि मध्येच लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, तर असाल तसे धावत या."

दोघं दवाखान्याबाहेर पडली.

"आणि नवस?" त्याने विचारलं.

"माउलीची समजूत मी घालते. पुढच्या वर्षी दोन पायांवर येईल म्हणून सांगते. तू तुझ्या मास्तरांची घाल."

खरं सांगायचं तर नवसाचं त्याला तेवढं वाईट वाटत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मिळालेली ती मधली जागा, तिच्यावर पाणी सोडायचं म्हणून जीव तुटत होता. ऑपरेशनला आजच जावं की आणखी चार दिवस गप्प बसावं, या विचारात तो तालमीला पोचला, आणि दारातच थबकला. अख्खी पहिली रांग उजवा पाय ओढत होती. हुबेहूब त्याच्यासारखी.

"थांबवा, मास्तर! ही चाल नाही. माझं पाऊल गेलंय." आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

कुणीतरी फिसकन हसलं. "म्हणजे मास्तर, आम्ही आठवडाभर दुखणं शिकत होतो?" मग सगळेच हसले, सेनोबिओही हसला. मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांनी त्याला कोपऱ्यातल्या बाकावर नेलं आणि आवाज खाली आणला.

"दुखायचं आपोआप थांबलं?"

"एका सकाळी. चक्क."

"माझं नाताळात थांबलं. डावा पाय." मास्तर आपल्या बुटाकडे बघत राहिले. "मला वाटलं, आयुष्यभर माउलीपुढे नाचलो, तिला दया आली."



"मास्तर, उठा. टाचांवर चार पावलं चाला बघू."

मास्तर उठले नाहीत. "इथे नको," ते म्हणाले. "पोरं बघतायत."

सेनोबिओ पोरांकडे पाठ करून त्यांच्यासमोर उभा राहिला. "आता नाही बघत," तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.