काच फुटली

पैज लागली ती पावशेरच्या बेकरीच्या पायरीवर. पावशेर म्हणजे आमचा शेजारी बेकरीवाला. अंगानं दोन माणसांचा ऐवज, म्हणून गल्लीनं लाडानं ठेवलेलं नाव. समोरच्या जुन्या चर्चकडे बोट करून तो म्हणाला, मोठी घंटा वाजली की हा मनोरा हलतो. मी म्हटलं, अरे, पिढ्यान्‌पिढ्या दगडावर दगड बसलाय, तो काय तुझा पाव आहे फुगायला आणि डुलायला?

शब्दाला शब्द लागला. शेवटी ठरलं असं. मनोऱ्यात वर घंटांच्या मजल्यावर, दोर खाली सोडायचं जे भोक आहे, त्याच्यावरच्या फळीवर काठोकाठ भरलेला ग्लास ठेवायचा. शनिवारी दुपारी घंटांची तालीम असते, तेव्हा पावशेर खाली घंटावाल्यांपाशी उभा राहणार. त्याच्या टकलावर पाणी पडलं की मी हरलो. आणि हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला पाठीवर घेऊन चर्चला फेरी मारायची, रविवारी, लोक बाहेर पडत असताना.

पावशेरला पाठीवर घ्यायचं म्हणजे मणक्याची कायमची सुट्टी. मी काय खुळा आहे? ग्लासात पाणी नव्हतंच. घरी जिलेटिन विरघळवून थिजवलं होतं. दिसायला पाणी, पण ग्लास उलटा केला तरी जागचं हलायचं नाही.

त्या दिवसांत मनोऱ्याची दुरुस्ती चालली होती. गवंड्यानं वरपासून खालपर्यंत जिथं जिथं जुनी चीर होती, तिथं तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली होती. भिंत केसभर सरकली तरी काच आधी फुटते. त्यानं सगळ्यांना बजावलं होतं, ‘काच फुटली’ असं ऐकलं की हातातलं टाकायचं आणि बाहेर पळायचं, कारण विचारत बसायचं नाही. हे मला बायकोनं सांगितलं होतं. चर्चमधल्या फुलांचं काम तिच्याकडे आहे.

गोल जिना इतका अरुंद की पावशेर त्यात बुचासारखा बसला असता. म्हणून मी एकटाच चढलो. दोन्ही खांदे भिंतीला घासत होते, आणि पायऱ्या झिजून पळीसारख्या खोल झालेल्या. वर जाड वाशांच्या सांगाड्यात घंटा टांगलेल्या. मी फळीवर ग्लास ठेवला, भोकातून पावशेरला वेडावून दाखवलं आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. खूश होतो.

घंटा सुरू झाल्या.

आधी वाटलं मलाच चक्कर आली. झोपेत पायरी चुकावी तशी जमीन पायाखालून गेली, परत आली, पुन्हा गेली. खिडकीच्या दगडी चौकटीतून समोरचं धुराडं दिसत होतं. ते चौकटीच्या आत यायचं, बाहेर जायचं. धुराडं तर हलणार नव्हतं. मी भिंत धरली. पण जिला धरायचं तीच हलत होती. समोरच्या चिरेतून चुन्याची भुकटी गळायला लागली. मी डोळे मिटून मागे सरकलो. टाचेला काहीतरी लागलं. काय लागलं ते बघायची छाती झाली नाही.

एकदम घंटा थांबल्या. आणि खालून, भोकातून, गवंड्याचा आवाज आला.

“काच फुटली. बाहेर पळा, सगळे बाहेर.”

माझ्यासमोरची पट्टी शाबूत होती. म्हणजे खालची फुटली. म्हणजे मी ज्याच्यावर उभा होतो तेच चाललं होतं.

जिना कसा उतरलो ते विचारू नका. अंधारात प्रत्येक वळणाला वाटायचं, पुढची पायरी नसेलच. हात भिंतीवर ठेवला की वाटायचं ती थरथरतेय.

खाली आलो तर चर्च रिकामं. बाकांवर पिशव्या तशाच पडलेल्या. दार सताड उघडं, बाहेर ऊन, उन्हात लोक. मी दारापर्यंत धावलो आणि त्या लोकांत बायकोला शोधलं. पुन्हा शोधलं. ती नव्हती.

आमच्या चर्चचा मनोरा दारावर नाही, मधोमध आहे. चार खांब, चार कमानी, आणि त्यांच्या डोक्यावर तो सगळा दगड. मी वळलो. त्यातल्या पलीकडच्या खांबापाशी ती पाठमोरी बसून फुलदाणी भरत होती.

मी हाक मारली. हाक कमानींमध्ये घुमली, पण तिनं मान वळवली नाही. पाय पुढे टाकवेना. वर बघितलं असतं तर तिथंच बसलो असतो, म्हणून तिच्या अंबाड्यावर नजर ठेवून धावलो आणि तिचं मनगट धरलं.

“अहो, हे काय? पाणी सांडेल ना.”

मी ओरडलो, काच फुटली. तिनं कानाकडे बोट दाखवलं. घंटांचा त्रास होतो म्हणून कापूस कोंबला होता. मी तिला फुलांसकट ओढत बाहेर काढलं.

बाहेर पावशेर उभा होता. त्याच्या खांद्यावर जिलेटिनचा एक गोळा थरथरत होता. माझी टाच फळीला लागली होती, आणि ग्लास थेट त्याच्या पायाशी येऊन फुटला होता. तोच ओरडला होता घंटावाल्यांना, काच फुटली, पाय सांभाळा. गवंड्यानं तेवढंच ऐकलं आणि चर्च रिकामं केलं.

गवंडी वर जाऊन आला. पट्ट्या सगळ्या जागेवर होत्या. मला म्हणाला, घंटा वाजल्या की मनोरा डुलतोच, डुलला म्हणून पडत नाही. पण तुम्ही पुन्हा वर दिसलात तर मी ढकलीन.

पावशेरनं खांद्यावरचा गोळा बोटानं उडवला. “पाणी काही पडलं नाही बाबा. वाद घालायचा तर घाल. फक्त खरं सांग, हलला का?”

वाद घालता आला असता. पण बायकोचं मनगट अजून माझ्या हातात होतं आणि तिच्या बांगड्या आपोआप वाजत होत्या.

“हलला,” मी म्हटलं.

रविवारी सगळी गल्ली चर्चच्या पायऱ्यांवर जमली. पावशेर पाठीवर बसला आणि माझ्या तोंडून नको तो आवाज निघाला. लोक टाळ्या पिटत होते. घोड्याला चारा द्या, कुणीतरी म्हणालं. अर्धी फेरी झाली असेल, मनोऱ्याची सावली अंगावर आली आणि नेमक्या घंटा सुरू झाल्या. माझे पाय जागीच थांबले. लोकांना वाटलं घोडा दमला.

पावशेरला मात्र कळलं. तो कानाशी वाकून हळूच म्हणाला, “घाबरू नकोस, मी धरलंय तुला.”

माझ्याच पाठीवर बसून. मी त्याच्या मांड्या घट्ट आवळल्या, डोळे मिटले आणि चालायला लागलो.