हलकी, बिनवासाची

अपेक्षानं ट्यूब दोन बोटांच्या चिमटीत धरून शेपटीकडून तोंडाकडे दाबत आणली. झाकण उघडून पुन्हा दाबली. आतून नुसती हवा फुसफुसली.

"परवा अर्धी होती ही," ती म्हणाली.

हौसराव मोरीशेजारच्या दगडावर बसून पायात चपला सरकवत होते. त्यांनी मान वर केली नाही. राहू गावच्या शिवारात थंडी पडली की त्यांच्या टाचा उकलायच्या, रक्त यायचं. दोन दिवसांपूर्वी मोरीच्या खिडकीत त्यांना ही पांढरी ट्यूब दिसली. हाताला गार लागली. वास नाही, चिकटपणा नाही. त्यांनी ती दोन्ही टाचांना सढळ हातानं चोळली, आणि काल उरलीसुरली घोट्यापर्यंत.

"मी लावली टाचंला," ते म्हणाले. "त्यात काय एवढं? नुसत्या पाण्यावानी तर व्हती. टाचंला काडीचा फरक पडला न्हाई."

अपेक्षानं त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग हातातल्या ट्यूबकडे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्यावर हौसरावांकडे उत्तर तयार असायचं. ती सरळ आत गेली आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

तेवीस वर्षांची पोरगी. कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत मालाची तपासणी करायची, मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. दसऱ्यानंतर आत्ता कुठं चार दिवसांची रजा काढून घरी आली होती. दीड-दोन वर्षांपासून तिच्या गालांवर आणि हनुवटीवर मुरमं उठत होती. वयात येणाऱ्या पोरींना येतात तसली बारीकसारीक नव्हेत, तांबडी, ठणकणारी. शिरूरच्या एका डॉक्टरीणबाईंचं औषध चालू होतं आणि त्यावरून लावायची ही ट्यूब.

अपेक्षाची आई, सविता, हातात कालथा घेऊनच बाहेर आली.

"आत्ताच्या आत्ता जाऊन दुसरी आणा."

"अगं, आज दिवसाची लाईट हाय. कांद्याला पाणी द्यायचंय."

"कांद्याचं पाणी मी धरते. ते मला येतंय. तुमचं तुम्ही निस्तरा."

"एका ट्यूबसाठी..."

"रात्री औषध लावती ती. सकाळी तोंडाची आग आग होती. तुम्हाला कुठं दिसतंय?"

हौसरावांनी रिकामी ट्यूब खिशात कोंबली आणि गाडीला किक मारली. पहिल्या किकला गाडी चालू झाली नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या किकला त्यांनी गाडीलाच चार शब्द सुनावले, तेव्हा ती फुरफुरली.

गावातल्या मेडिकलमध्ये सुदर्शननं ट्यूब उलटीपालटी करून पाहिली आणि हसला.

"मामा, ही हितं कोण घेतंय? ह्याला केडगाव न्हाईतर दौंड गाठावं लागंल. न्हाईतर असं करा, खोबरेल न्या. आमच्या आईनं जन्मभर तेच लावलं."

"तुझ्या आईला मुरमं व्हती का?"

"न्हाई."

"मग कशाला सांगतोस?" म्हणत हौसराव बाहेर पडले. बाहेर पडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की हेच खोबरेल गेल्या वर्षी आपणही पोरीला सुचवलं होतं. ते जास्त विचार न करता केडगावच्या रस्त्याला लागले.

केडगावात मेडिकल जेवणासाठी बंद होतं. शेजारी बांगड्या, टिकल्या, पावडरींचं दुकान होतं. आरशांनी भरलेल्या त्या दुकानात शिरताना हौसरावांना चारी बाजूंनी आपलीच टोपी दिसली. दुकानदारानं काचेवर डब्यांची रांग मांडली. गुलाबाची, चंदनाची, केशराची, कोरफडीची.

"बिनवासाची पायजे," हौसराव म्हणाले.

"बिनवासाची?" दुकानदार म्हणाला. "मामा, बिनवासाची क्रीम कुणी घेतं का? लावल्यासारखं तर वाटाया पायजे."

तेवढ्यात रस्त्यावरून दगडोबा आत डोकावला. हा त्यांच्याच भावकीतला, नको तिथं नको तेव्हा उगवणारा.

"हौसराव! पावडर-लाली चाललीय? सोसायटीची निवडणूक तर लांब हाय अजून."

"पोरीला पायजे," हौसराव गुरगुरले.

"पोरीला? तिचं तोंड अजून न्हाई बसलं? अरे, लिंबू चोळ म्हणावं. आमच्या मेव्हणीच्या पोरीला..."

मेव्हणीच्या पोरीचं पुढं काय झालं हे हौसरावांनी ऐकून घेतलं नाही. बाहेर येऊन त्यांनी अपेक्षाला फोन लावला. बऱ्याच वेळानं तिनं उचलला.

"तसलीच कुठं मिळंना. दुसरी चालंल का?"

"बघून आणा. तेल नको. वास नको. जड नको."

"नको नको किती सांगशील? पायजे काय ते सांग ना!"

"तेच सांगितलं ना, अण्णा," ती म्हणाली. तिचा आवाज रागावलेला नव्हता. नुसता थकलेला होता. "राहू द्या. नका आणू. या घरी."

या 'राहू द्या'नं हौसराव जास्त चिडले. सकाळपासून गाडी, ऊन, दगडोबा, सगळं सोसून आता राहू द्या? ते गाडीवर बसले आणि दौंडला जाईपर्यंत एका ट्रकवाल्याशी आणि दोन गतिरोधकांशी भांडले.

दौंडच्या मेडिकलमध्ये काउंटरपलीकडे एक तिशीतली बाई होती. पांढरा कोट, खिशाला नावाची पट्टी: पिंकी. हौसरावांनी रिकामी ट्यूब काचेवर आपटली.

"ही हाय का? नसली तर हिच्यासारखी. तेल नको, वास नको, जड नको. आन् लिंबू, खोबरेल, चंदन मला सांगू नका."

पिंकीनं ट्यूब उचलली, मागची बारीक अक्षरं वाचली.

"ही नेमकी संपलीय, मामा. अशा गुणाच्या दुसऱ्या हायेत. कुणासाठी पायजे?"

"पोरीला. मुरमं हायेत."

"मुरमांवर औषध चालू हाय का?"

"हाय की. रात्री लावती कायतरी. सकाळी आग होती म्हणं." एवढं बोलून हौसरावांचा सकाळपासूनचा प्रश्न बाहेर पडलाच. "मला एक सांगा. तोंड तिचं आधीच तेलकट. तेलकट तोंडाला आणखी वलावा कशाला? चिखलात पाणी सोडल्यावानी झालं की ते!"

पिंकी हसली नाही. तिनं सरळ उत्तर दिलं.

"रात्रीचं औषध कातडी सुकवतं, मामा. सालं निघतात, लाल होती. त्यावर असलं हलकं काही लावलं न्हाई तर पोरींना ते सोसत न्हाई, मग त्या औषधच सोडून देतात. आन् जड, तेलकट लावलं तर भोकं बुजून मुरमं वाढतात. म्हणून हे मधलं."

सकाळपासून हे इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. हौसराव टोपी मागं सारून स्टुलावर बसले.

"आधी तोंडाला काय काय लावलंय तिनं?" पिंकीनं कपाटातून खोकी काढता काढता विचारलं.

"काय न्हाई लावलं ते विचारा! हळद झाली, मुलतानी माती झाली, कुणी सांगितलं म्हणून दात घासायची पेस्टसुद्धा झाली. कशानं गुण न्हाई. खरा गुण आला व्हता एकाच क्रीमनं. मी आणली व्हती."

"कुठली?"

"नाव न्हाई आठवत. कवठे येमाईला माझी बहीण दिलीय. तिच्याकडनं येताना वाटेतल्या एका दुकानात मिळाली. पांढरी डबी. पाहुणे बघाया येणार व्हते ना पोरीला. दोन-चार पुटकुळ्या व्हत्या तवा कपाळावर, दुसरं काय न्हाई. आठ दिवसांत तोंड असं निघालं, काचंसारखं! मी तर सगळ्यांना सांगत व्हतो."

पिंकीचा हात खोक्यावर थांबला.

"किती दिवस लावली?"

"तीन महिने पुरली. मग संपली. दुसरी आणायला माझं जाणंच झालं न्हाई तिकडं."

"आन् संपल्यावर?"

"संपल्यावर पोरगी नोकरीला गेली. तिकडं मेसचं तेलकट खाणं, जागरण, फोन. पंधरा दिवसांत तोंड सगळं..."

वाक्य तिथंच राहिलं. शेजारी एक म्हातारा डोळ्यांत घालायचं औषध मागत होता. पिंकीनं त्याला ते काढून दिलं, किती थेंब ते समजावलं आणि परत आली. आता तिचा आवाज खाली आला होता.

"मामा, मी ती डबी बघितली न्हाई. त्यामुळं छातीठोक सांगत न्हाई. पण तसल्या बिननावाच्या डब्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड घातलेलं असतं. लावतोय तवर तोंड उजळतं. बंद केलं की दुपटीनं उसळतं. आमच्याकडं महिन्याला चार-पाच पोरी येतात अशा."

हौसराव काचेखालच्या गोळ्यांच्या पाकिटांकडे बघत राहिले. मेसचं तेल. जागरण. फोन. दोन वर्षं ते पोरीला हेच सुनावत आले होते. तिच्या खोलीवर फोन करून, जेवताना, पाहुण्यांसमोर. पाहुण्यांसमोर जरा जास्तच. गेल्या उन्हाळ्यात पुतणीच्या हळदीला फोटो काढताना तिला ते म्हणाले होते, 'तू जरा मागं थांब.' ती मागं थांबली होती. मग पंगत बसली तेव्हा ती कुठं दिसलीच नव्हती.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मागं एक बाई खोळंबली होती, तिला पुढं जाता यावं म्हणून ते स्टूल घेऊन बाजूला सरकले.

"दाखवा," ते म्हणाले. "काय काय हाय ते दाखवा. सावकाश दाखवा."

पिंकीनं तीन ट्यूबा मांडल्या. नमुन्याच्या बाटल्यांतून एकेक थेंब त्यांच्या मनगटावर सोडला. हौसरावांनी बोटानं पसरवून पाहिलं. पहिली चकाकत राहिली. त्यांनी मान हलवली. दुसरी बसली, पण नाकाशी नेल्यावर मंद काकडीचा वास आला.

"ही नको. वास हाय."

तिसरी अंगात जिरली. हात कोरडा दिसत होता आणि कोरडा लागत नव्हता. त्यांनी मनगट उजेडात धरलं, पुन्हा नाकाशी नेलं, पुन्हा बोट फिरवलं. मग खोकं हातात घेऊन चष्मा नाकावर चढवला आणि मागची इंग्रजी अक्षरं पिंकीला एकेक वाचायला लावली. हे काय, ते काय, ह्याच्यात ते डबीतलं काही नाही ना. एकच प्रश्न त्यांनी तीनदा विचारला. खोळंबलेली बाई उसासे टाकू लागली.

"न्हाई मामा, ह्याच्यात तसलं काही न्हाई," पिंकी तिसऱ्यांदा म्हणाली. "तरी पण आधी हनुवटीखाली थोडी लावून दोन-तीन दिवस बघायला सांगा. आन् डॉक्टरांना दाखवून घ्या."

परतीच्या वाटेवर हौसराव कुणाशीही भांडले नाहीत.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. सविता गोठ्यात होती. अपेक्षा कुठं आहे म्हणून विचारलं तर तिनं मानेनंच रानाकडं दाखवलं. तोंडाला ओढणी गुंडाळून पोरगी कांद्याच्या वाफ्यात उभी होती, पाणी धरत होती. वाफा भरला तसं तिनं फावड्यानं त्याचं तोंड बुजवलं आणि पुढचं फोडलं. मग हौसरावांना बघून बांधावर आली.

त्यांनी ट्यूब पुढं केली. तिनं हात ओढणीला पुसले, खोकं वळवून मागची अक्षरं वाचली. वाचताना तिच्या भुवया हळूहळू सैल होत गेल्या.

"चांगली आणलीय की. कुणी निवडून दिली?"

"मीच निवडली. मेडिकलवाल्या बाईनं सांगितलं, पण निवडली मी." ते बांधावर टेकले. कांद्याच्या पातीकडं बघत म्हणाले, "तुला मी एक पांढरी डबी आणून दिली व्हती. आठवती का?"

"आठवती."

"ती बाई म्हणत व्हती..."

"माहिती हाय मला," अपेक्षा म्हणाली.

हौसरावांनी वळून पाहिलं. ती फावड्याला चिकटलेली माती चपलेच्या टाचेनं काढत होती.

"शिरूरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. आधी काय लावत व्हतीस, कुणी दिली. मी म्हणलं, मीच आणली."

"तू?"

"लई बोलल्या मला. शिकलीसवरलेली पोरगी, कंपनीत माल तपासतीस, आन् तोंडाला कायबी लावतीस म्हणून. बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल एवढं बोलल्या."

"मग घरी का न्हाई सांगितलंस? दोन वर्षं मी तुला..."

ती त्यांच्या शेजारी बांधावर टेकली.

"तुम्ही तवा आत्याला फोन करून सांगत व्हता, माझ्या पोरीचं तोंड बघ येऊन म्हणून," ती म्हणाली. "एवढं खूश मी तुम्हाला कवा बघितलं नव्हतं."

पाणी वाफ्याच्या टोकाला पोचलं होतं. ती उठली, दोन फावडी माती टाकून तोंड बुजवलं, पुढचं फोडलं आणि परत येऊन उभी राहिली. हौसरावांना बरंच काही बोलायचं होतं. त्यांच्या जिभेला त्यातलं काही सवयीचं नव्हतं.

"परत कवा जायचंय शिरूरला?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या बुधवारी. का?"

"मी येतो."

"कशाला? कामाच्या दिवसात?"

"बाईंना सांगाया. डबी कुणी आणली ते."

अपेक्षानं तोंडावरची ओढणी खाली सरकवली आणि बापाकडं नीट पाहिलं.

"त्या लई बोलतात, अण्णा."

"बोलू दे," हौसराव म्हणाले आणि तिच्या हातातलं फावडं घेऊन वाफ्यात उतरले.