राणीची अर्धी ओळ

नवरा-बायको दोघंही जुन्या लिप्या वाचायचे. एकाच संग्रहालयात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून. एरवी त्यांचं छान जमायचं. घोडं अडलं होतं ते एका राणीपाशी.

मातीच्या पाट्यांवर कोरलेली ती दंतकथा अशी: एका देशातला वारा चोरीला जातो. होड्यांची शिडं लोंबकळतात, धान्य उफणता येत नाही. राजा पाताळात उतरतो, राक्षसाशी झुंजतो आणि कित्येक वर्षांनी वारा पोत्यात भरून घरी येतो. राणी दार उघडते, त्याला पाहते आणि... नेमका तिथेच पाटीचा कोपरा तुटलेला. शेवटच्या शब्दातलं फक्त तोंडाचं चिन्ह शिल्लक.

"रडली," नवरा म्हणायचा. "तोंडाशेजारी पाण्याची खूण असणार."

"हसली! इतक्या वर्षांनी नवरा पोतं घेऊन दारात उभा. कोण रडेल?"

या एका शब्दापायी त्यांचं भाषांतर वर्षानुवर्षं रखडलं होतं. प्रकाशकाने तर नादच सोडला होता. "शिंकली असेल," लेक वैतागून म्हणायची. "आता जेवायला चला."

एका सकाळी संग्रहालयाची कोठी सांभाळणाऱ्या बाईंनी दोघांना खाली बोलावलं. खापरांच्या खोक्यात एक कोरीव तुकडा निघाला होता. दोघं जिना धावतच उतरले.

नवऱ्याने श्वास रोखून तुकडा बाईंनी टेबलावर काढून ठेवलेल्या पाटीला लावला. चपखल बसला. तोंडाशेजारी पाणी नव्हतं, हसण्याची खूणही नव्हती.

"'म्हणाली' आहे हे," बायको पुटपुटली. "ती काहीतरी म्हणाली. पुढे वाच ना!"

नवऱ्याने चष्मा पुसला, एकेका चिन्हावर बोट फिरवलं आणि मान हलवली. "छे! असं कसं असेल?"

"अरे, सांग की!"

"'दार लाव. वारा येतोय.'"

बायको टेबल धरून हसत सुटली. हसता हसता नवऱ्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. "पाटी सांभाळा!" कोठीवाल्या बाई ओरडल्या.

"बिचारा राजा," नवरा जरा सावरून म्हणाला. "एवढा पाताळात जाऊन आला, आणि कौतुकाचा एक शब्द नाही."

"कौतुकच आहे ते. दारात आलेल्या परक्या माणसाला आपण 'या, बसा' म्हणतो. 'दार लाव' कुणाला सांगतो? घरच्याला. तो कधी गेलाच नव्हता, अशी बोलतेय ती."

नवऱ्याने कोरा कागद पुढे ओढला. "मला हे जन्मात सुचलं नसतं," तो म्हणाला. "बस, टीप लिहू."

दुपारभर बसून त्यांनी ती लिहिली. एक वाक्य त्याचं, एक तिचं, आणि कुणी कुणाचं खोडलं नाही. मग बायकोने प्रकाशकाला फोन लावला. पुस्तक पुरं झालंय, हे त्याच्या गळी उतरवायला तिला बराच वेळ लागला.