शेवटची अकरा मिनिटे

मी एक जुने रीळ आहे. प्रेम मोठे की कर्तव्य, या सनातन प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी आहे. मित्रांनो, ते उत्तर अकरा मिनिटांचे आहे आणि त्यातली पहिली तीन मिनिटे नुसता पाऊस पडतो.

क्योतोच्या स्टुडिओत एकाच चित्रपटाची आम्ही नऊ भावंडे जन्मलो; मी नववे, शेवटचे. आठव्यात सामुराई धन्याची चाकरी सोडून प्रेयसी ओतोसेबरोबर होडीतून पळतो. माझ्यात त्याला कर्तव्य आठवते, तो परत येतो आणि पोट चिरून घेतो. लोक हुंदके देत, 'शेवट काय जमलाय' म्हणत. ही स्तुती मी जरा जास्तच मनावर घेतली.

शिनशूच्या डोंगरातल्या एका गावी थिएटरे दोन होती आणि आमची प्रत एकच. स्टेशनाजवळच्या थिएटरात एक रीळ संपले, की शिगेझो ते फडक्यात बांधून सायकलवरून पुलापलीकडच्या थिएटरात पोचवी. तिथे तिकिटे देणाऱ्या विधवा हात्सुएबाईंना त्याला सहा वर्षे एक गोष्ट विचारायची होती. पण दर वेळी इकडे पुढचे रीळ तयार असे.

एके दिवशी हात्सुएबाई कायमच्या भावाकडे निइगाताला निघाल्या. मला घेऊन शिगेझो बाहेर पडला. पूल उजवीकडे होता. तो डावीकडे, स्टेशनात वळला.

"हातात काय आहे?" बाईंनी विचारले.

"नववं."

"मग पलीकडे माणसं काय भिंत बघतायत?"

"आठवं चालू आहे अजून. हात्सुएबाई, मी म्हणत होतो..."

"सहा वर्षं म्हणाला नाहीत, आता गाडी आल्यावर म्हणताय? आधी रीळ पोचवा. शेवट नाही दाखवला तर लोक तिकीट देणारीला शिव्या देतील."

"तुम्ही तर निघालात."

"म्हणून तर जास्त देतील."

शिगेझो हलेना. मग बाईच मला मांडीवर घेऊन सायकलीच्या मागे बसल्या. गाडी गेली. पुलावर शिगेझोने एकदाचे विचारले.

"पिक्चर संपल्यावर सांगते," बाई म्हणाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागले होते. होडी दिसेनाशी झाली, पुढचे रीळ येईना, म्हणून मालक मुराओका यांनी पडदा ओढून टाकला होता. लोक डोळे पुसत बाहेर येत होते.

"सुटले बिचारे," एक म्हातारी समाधानाने म्हणाली.

"नववं आणलंय," शिगेझो म्हणाला.

"राहू दे आता," मालक म्हणाले. "चांगला संपलाय."

शिगेझोने बाईंकडे पाहिले.

"संपला म्हणायचा," बाई म्हणाल्या. "भावाला पत्र टाकायला हवं, येत नाही म्हणून."

प्रत पुढच्या गावी गेली ती आठ रिळांची. तिथूनही तक्रार आली नाही. मी शिगेझोच्या घरी राहिले.

मित्रांनो, रिळाला ओल सोसत नाही आणि मीठ तर मुळीच नाही. आम्हाला कोरड्या जागी, स्वच्छ डब्यात जपून ठेवा. डबा मला आहे. तो हात्सुएबाईंनी मुळ्याच्या लोणच्यावर दाब म्हणून ठेवला आहे. माझे वजन पुरत नाही, वर एक दगड ठेवावा लागतो.