पहिली गाठ

शिंपीण मावशीची एक खोड होती. सुईत दोरा ओवला की टोकाला गाठ मारायची आणि गाठ आवळता आवळता म्हणायचं, "देवा, तुझ्या नावानं." चाळीस वर्षं हे असंच. त्यात भक्ती किती नि सवय किती, तिलाही सांगता आलं नसतं.

मागच्या महिन्यात तिची लेक गेली. तीन दिवसांचा ताप, बस्स. सव्विसाव्या वर्षी. कुणाला उणा शब्द न बोललेली, आईशेजारी बसून काज-बटणं करणारी पोर. आणि मावशीचा थोरला दीर, उभा जन्म बायकोला छळणारा, सत्तरीतही दोन्ही वेळा चापून हादडत होता.

त्याचीच बायको, मावशीची थोरली जाऊ, रोज येऊन बसायची. एक दिवस ती म्हणाली, "तुझ्या देवानं चांगले पांग फेडले गं. मी कधी हात जोडले नाहीत, नि आमचं ध्यान बघ कसं ठणठणीत."

"ते बक्षीस की शिक्षा, ते तुम्हीच सांगा, जाऊबाई."

जाऊ हसली, पण लगेच म्हणाली, "मस्करी राहू दे. मारणाऱ्याचेच पाय धरायचे? याला लाचारी म्हणतात."

शब्द झोंबला. मावशीला उपाशी म्हणा, भांडखोर म्हणा, चालेल, लाचार नाही.

दुसऱ्या दिवशी तिने लेकीचा अर्धवट राहिलेला घागरा हातात घेतला. टाचण्या लेकीनेच लावलेल्या. गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. मावशीने लांबलचक दोरा ओवला नि ओठ घट्ट मिटले. आजपासून तुझं-माझं मिटलं, असं मनात म्हणून तुरपाई सुरू केली. टाचणी काढायची, टाका घालायचा. अर्धा घेर झाल्यावर चुणी सरळ करायला तिने दोरा जरा ओढला, तर गुळगुळीत कापडातून तो सळसळत सगळाच हातात आला. टोकाला गाठ नव्हती. नावाशिवाय गाठ मारायची हाताला सवयच नव्हती.

तेवढ्यात जाऊ आली. लोंबणारी किनार बघून म्हणाली, "अगंबाई! कोपला वाटतं तुझा देव!"

"त्याला तेवढी उसंत कुठली? गाठ मी विसरले."

एवढं बोलली नि मावशीचा बांध फुटला. महिनाभर अडवलेलं रडू आलं. मान वर करून ती ओरडली, "का नेलीस रे? काय केलं होतं तिनं? सांग की!"

ती थांबली. 

मावशीने पदराने नाक पुसलं. "नको सांगूस. मी विचारत राहीन. पण भांडायचं ते तुझ्याशीच, पाठ फिरवून नाही."

"काय मिळतं गं तुला यातून?" जाऊने हळूच विचारलं.

"काही नाही. मागतंय कोण? मागेल तो लाचार. सरका, उजेड अडतोय."

मावशी सुई उचलून दोरा ओवू लागली. डोळे भरलेले, दोरा नेढ्याच्या आजूबाजूलाच फिरत राहिला. शेवटी जाऊने तिच्या हातातून सुई ओढून घेतली, चटकन ओवली नि परत पुढे केली.

"घे. गाठ तुझी तू मार."