मुळांची अक्षरं

आजोबांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली होती. आता ते पुस्तकांच्या कपाटात, मातीशिवाय, काचेच्या बरण्यांत नुसत्या खताच्या पाण्यावर पुदिना वाढवत. मुळांना उजेड लागून शेवाळ धरू नये म्हणून बरण्यांना जुन्या मुद्रितांचे कागद गुंडाळलेले होते.

"बाबा, पुदिना पुरे, आता हिच्याकडे बघा," सून नातीला पुढे करत म्हणाली. "सोमवारी मुळाक्षरं आली नाहीत, तर बाई हिला परत लहान वर्गात बसवणार आहेत. एक अक्षर ओळखेल तर शपथ."

नात कपाटाशी गेली आणि तिने एका बरणीचा कागद सोडला. रोपांसाठी लावलेल्या दिव्याच्या जांभळट उजेडात पांढरी मुळं संथ डोलत होती.

"आजोबा, मुळांची अक्षरं इथंच आहेत ना?"

चूक दुरुस्त करायला आजोबांचा हात सवयीने खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला आणि तिथंच थांबला. पाण्याच्या रेषेखाली मुळं लोंबत होती, अगदी शिरोरेषेखाली अक्षरं लोंबावीत तशी.

"हे कोणतं गं?" त्यांनी एका वळलेल्या मुळावर बोट ठेवलं.

काचेला नाक लावून ती बराच वेळ पाहत राहिली.

"ट. पोट आहे त्याला."

"आणि शेजारचं?"

"ते अजून वाढतंय," ती हळूच म्हणाली. "सोमवारपर्यंत होईल."